ढोल खाली असेपर्यंत

१२ डिसेंबर, शुक्रवार. गोधड्या आणि घोंगड्या गच्चीवर उन्हात टाकणे.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर ही एक ओळ आहे, आणि तिच्याखाली दुसऱ्या शाईनं लिहिलंय : ढोल आज पोचवणे. त्या दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा आहेत. मी सहसा रेघा मारत नाही. ढोल तीन दिवसांपूर्वीच परत जायला हवा होता आणि अजून आमच्या गच्चीवरच्या बाजेवर घोंगडीत गुंडाळून पडला होता, म्हणून मारल्या.

आमचं वसतिगृह राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या दोन मजल्यांवर आहे. खाली पोरं दिवसभर मोठमोठ्यानं सूत्रं घोकतात. वर आमच्या एकोणीस मुली. सगळ्या पन्हाळ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या धनगरवाड्यांवरच्या. तिथं वाडा म्हणजे आठदहा घरं आणि घरापेक्षा जास्त म्हशी. शेवटच्या बसथांब्यापासून पुढं तासभर चालायचं. चौथीनंतर शाळा नाही, म्हणून मुली खाली कोल्हापुरात येतात. पूर्वी निम्म्या मुली पहिल्या सहा महिन्यांत परत पळायच्या. भाषेला हसतात म्हणून, गव्हाची चपाती बाधते म्हणून, घरी देवाचा दिवस आहे आणि आपण इथं फळ्याकडे बघत बसलोय म्हणून. हे थांबवायला संस्थेनं मला ठेवलं. त्याआधी मी बावीस वर्षं एका दूध संघाच्या ऑफिसात क्लार्क होते. इथं कागदावर माझं पद ‘सांस्कृतिक आधार कार्यकर्ती’ असं आहे. ते म्हणायला आमच्या स्वयंपाकीण आक्कांना वेळ नसतो. त्या म्हणतात, "बाई म्हंजे पोरींच्या देवांच्या क्लार्क."

ते बरोबरच आहे. मी वही ठेवते. कुठल्या वाड्यावर देवाचा दिवस कधी, कुठल्या घरात काय खात नाहीत, कुणाला कधी घरी पाठवायचंच आहे, हे त्या वहीत असतं. बुधवारी आणि रविवारी नाचणीची भाकरी. कुठल्या शिक्षकांनी मुलीच्या बोलण्याची नक्कल केली की दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर. यात भावुक होण्यासारखं काही नाही. माणसाला आपलं घर लाजिरवाणं वाटायला लागलं की तो घरचाही राहत नाही आणि शाळेचाही होत नाही, एवढाच हिशेब आहे. चार वर्षांत पळून जाणाऱ्या मुली थांबल्या. आपल्याला या वाड्यांचं सगळं कळतं, असं मला वाटायला लागलं होतं.

ढोलाचं प्रकरण एका मुलीमुळं झालं. दहावीतली, सोळा वर्षांची, उंच, बोलायला कमी. भूमिती सोडून सगळं बरं. तिच्या वाड्यावरच्या पाच मुली आमच्याकडे आहेत, त्यांत ही सगळ्यात मोठी. तिच्या चुलत्याला तिचं लग्न उरकायचं होतं. गेल्या उन्हाळ्यातच ठरत होतं, पण मी वर जाऊन तिच्या वडलांसमोर बसले आणि दहावी होईपर्यंत थांबायचं असं कबूल करून घेतलं. वडील फार शांत माणूस. ते "व्हय" म्हणाले. चुलताही तेव्हा गप्प बसला, पण त्यानं मान हलवली नव्हती, हे माझ्या लक्षात होतं.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि आमच्या मुली धनगरी गजनृत्य करणार होत्या. एरवी तो पुरुषांचा नाच. मुलींनी करायचा ठरवल्यावर वाड्यांवर थोडी कुजबुज झाली, मग हसून सोडून दिलं. भाड्यानं आणलेल्या ढोलावर पाय पडेनात. ढोलाचं कातडं प्लॅस्टिकचं होतं, तो नुसता खडखडायचा. तेव्हा ही मुलगी म्हणाली, "आमच्या वाड्यावरचा आणूया की."

एवढं सलग वाक्य ती महिन्याभरात बोलली नव्हती. मला बरं वाटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघी वर गेलो. ढोलाचा मान एका म्हाताऱ्याकडे आहे. वाड्यावरचं कुठलंही कार्य त्याला विचारल्याशिवाय होत नाही. त्यानं माझं ऐकून घेतलं, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाला, "न्या की. चार दिसांत आणून द्या. आणि भुईला टेकवू नका." मी वहीत लिहून घेतलं : ढोल जमिनीला टेकवायचा नाही.

देवाच्या खोलीत बाहेरच्यांनी जायचं नाही, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले. संध्याकाळ झाली होती, आत अंधार. मुलगी बॅटरी धरून आत उभी होती. म्हातारा म्हणाला, स्टूल आणतो, आणि मागल्या दारानं गेला. तो स्टूल घेऊन येईपर्यंत हिनं बॅटरी दातांत धरून दोन्ही हातांनी ढोल खुंटीवरून काढला होता आणि छातीशी धरून उभी होती. तेवढ्यात चुलता आला.

"अगं ए! तू कशाला उतरवलास?" तो असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"उंच हाय मी," मुलगी म्हणाली.

म्हातारा हातात स्टूल घेऊन दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उतरवला तर उतरवला." वडील दारातून नुसते बघत होते.

मला वाटलं, मुलीनं ढोलाला हात लावला म्हणून चुलता चिडला. खाली येताना बसमध्ये मी वहीत लिहिलं : मुलींनी ढोलाला हात लावलेला चालत नाही बहुधा. विचारणे. आणि मग विचारायचं राहून गेलं. संमेलन, माइकवाला, एकोणीस जणींच्या साड्या.

सोमवारी नाच झाला, चांगला झाला. मंगळवारी मी ढोल परत न्यायला निघाले तर टिपरू नाही. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची वाकडी काठी. टिपऱ्याशिवाय ढोल परत कसा न्यायचा? सगळं वसतिगृह उलटंपालटं केलं. शाळेत विचारलं, मंडपवाल्याला विचारलं. बुधवारी या मुलीला कणकण आली. गुरुवारी ती म्हणाली, टिपरू बहुतेक शाळेच्या स्टेजखाली गेलं असेल, मी उद्या बघते. मी तीन दिवस स्वतःवर चिडत होते. चार दिवसांत म्हणून शब्द दिला होता आणि सातवा दिवस उजाडला. तिथं माझा शब्द हीच माझी नोकरी आहे. तो गेला तर पाच मुली जातील आणि त्यांचं बघून शेजारच्या वाड्यावरच्या चार.

तर, शुक्रवार. सकाळी दहा वाजता गच्चीवर मी आणि आक्का गोधड्या झटकत होतो, तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन आला. वाड्यावर एका खडकावर चढलं तरच रेंज मिळते. त्याला सगळे रेंजचा दगडच म्हणतात. वारा ऐकू येत होता.

"कोण, बाई का?"

"मीच. ढोल इथं नीट आहे. टिपरू तेवढं सापडत नाहीये."

"टिपरू दुसरं तासता येतंय. ढोल आणा."

मागून चुलत्याचा आवाज आला, "कवा आणतीया ते इचार!"

"कवा आणताय?" म्हाताऱ्यानं विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "ऐतवारी पावणं यायल्यात इथं."

"कसले पाहुणे?"

"आता पावणं कसलं असत्यात, बाई? पोरगी बघाय न्हवं, पोरगी बघितल्याली हाय. बोलणी कराय यायल्यात. आणि ढोल न्हाय म्हटल्यावर..."

"ढोल नाही म्हटल्यावर काय?"

फोन कट झाला. मी दोनदा लावला, लागला नाही. रविवार म्हणजे परवा. उन्हाळ्यात दिलेला शब्द चुलत्यानं मोडला होता आणि वडलांनी तो मोडू दिला होता. मी हातातली गोधडी इतक्या जोरात झटकली की कठड्यावरून खाली गेली. ती क्लासच्या दारात उभ्या असलेल्या एका पालकाच्या स्कूटीवर पडली. आक्का खाली जाऊन, त्याच्याशी भांडून, घेऊन आल्या.

"अहो बाई, हाता-पायाला जरा आवर घाला," त्या म्हणाल्या आणि पुढची गोधडी उचलली. ती त्याच मुलीची. उचलताना त्यांचा हात थांबला. त्यांनी गोधडी चाचपली, वास घेतल्यासारखी जवळ आणली. "हिच्या गोधडीत हाड हाय व्हय?"

दोन अस्तरांच्या मधे, पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टाके घालून, टिपरू शिवून टाकलं होतं.

मुलीची शाळा साडेबाराला सुटते. तोवर मी पाण्याची टाकी धुतली, धुतलेली होती तरी. जिन्याचे कोपरे झाडले. नवऱ्याचा फोन आला, जेवायला येणार का, त्याला नाही म्हटलं आणि पुढचं ऐकलंच नाही. ती गच्चीवर आली तेव्हा मी टिपरू बाजेवर ढोलाशेजारी ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"टिपरू."

"ते मला दिसतंय. तुझ्या गोधडीत कसं गेलं?"

"शिवलंतं."

"कशाला?"

"सापडाय नको म्हणून."

आक्का मागं वाळत टाकलेल्या घोंगडीआड हसल्या. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, तुझ्यापायी मी तिथं तोंडघशी पडले, आठ दिवस होत आले, आणि वर तुझ्या लग्नाची बोलणी परवावर आली, तुला कळतं का?

"कळतं की," ती म्हणाली. "दिवाळीला गेलते तवाच कळलंतं. म्हणून तर ढोल आणला."

मग तिनं सांगितलं. वाड्यावर ढोल खुंटीवर असला तर सगळी कार्यं होतात. ढोल खाली आला की तो परत चढेपर्यंत हळद लागत नाही, सुपारी फुटत नाही, नवं घर बांधायला दगड ठेवत नाहीत. एरवी दसऱ्याला उतरतो आणि तीन दिवसांत चढतो, म्हणून कुणाला अडचण होत नाही. पण ढोल खाली असताना बोलणीसुद्धा करायची नाहीत, अगदी चहावरसुद्धा. तिच्या वाड्यावर हे असंच आहे. पलीकडच्या वाड्यावर नाही.

"आणि हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं न्हाय."

मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "वहीत तर लिवलंय की तुम्ही. ‘विचारणे’ म्हणून."

माझी वही टेबलावर उघडीच असते. मुलींनी वाचावी, चुकलं तर सांगावं, म्हणून मीच ती तशी ठेवत आले. ही वाचत होती, आणि माझ्या वहीत काय नाही ते बघत होती. आपल्याला सगळं कळतं असं समजणाऱ्या बाईला कसं वापरायचं, हे सोळा वर्षांच्या मुलीनं बरोबर ओळखलं होतं. मला राग आला, खरंच आला. मी तिला म्हटलं, भाकरी खाऊन घे आणि भूमितीची वही काढ.

"ढोल नेऊ नका," ती म्हणाली.

"शब्द दिलाय."

"मार्चपर्यंत नेऊ नका. मग न्या."

"ठेवा की हितंच," आक्का म्हणाल्या. "काय खायला मागतोय व्हय त्यो? मी त्याच्यावर सांडगं वाळवीन."

दुपारभर मला एका जागी बसवलं नाही. तांदूळ निवडायला घेतले, सोडले. सुतळी आणायला म्हणून निघाले आणि जनता बाजारच्या चौकापर्यंत जाऊन सुतळी न घेता परत आले. ऊस भरलेला एक ट्रॅक्टर चुकून गावात शिरला होता, त्याच्यामागं सगळी रांग अडकली होती, त्या रांगेत मीही उगीच उभी राहिले.

कायद्याचं मला माहीत आहे. मुलगी सोळा वर्षांची. एक फोन केला की लग्न थांबतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वाड्यावर मी तेच केलं होतं. पोलीस गेले, लग्न थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या वाड्यावरच्या सगळ्या मुली बापांनी येऊन नेल्या. जिचं लग्न थांबवलं तिला तर पहिल्यांदा. चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात कुठंतरी तिचं लग्न लावलं असं कानावर आलं. आता गरज पडली तर मी परत फोन करीन, त्यात मला संकोच नाही. पण तो शेवटचा उपाय. पहिलाच तो वापरला तर पुढं वापरायला काही राहत नाही.

ढोल ठेवून घेणं हाही एक मार्ग होता. सोपा होता. पण ढोल माझा नाही, मुलीचाही नाही. वाड्यावर आणखीही माणसं आहेत. कुणाची हळद खोळंबली असेल, कुणाला दगड ठेवायचा असेल. त्यांचा देव आम्ही राजारामपुरीत अडकवून ठेवायचा आणि वर त्यांच्या मुलींना त्यांची रीत जपायला शिकवायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. आणि चुलता ढोल न्यायला इथं येणारच होता. ढोल नेताना मुलीलाही घेऊन जाईल, मग?

संध्याकाळी सहा वाजता मी मटार सोलत होते. मुलगी समोर वर्तुळाच्या स्पर्शिकेशी झगडत होती. कंपास तिसऱ्यांदा घसरला. मला एकदम तो चुलता आठवला, त्याचं ते ओरडणं. तो ‘हात का लावलास’ असं म्हणाला नव्हता. ‘तू कशाला उतरवलास’ असं म्हणाला होता.

"ढोल परत चढवायचा कुणी?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "उतरवला त्यानं."

"दुसऱ्यानं चढवला तर?"

"चढवत न्हाईत."

"म्हातारबांनी?"

"त्यास्नीबी चालत न्हाय. एकदा दसऱ्याला एकानं उतरवला आणि त्याला फुरसं चावलं. दवाखान्यात व्हता त्यो. एकवीस दिस ढोल घोंगडीवर, त्यो परत येईस्तोवर."

"म्हणजे तूच चढवायचा."

"व्हय."

"तू इथं आहेस तोवर ढोल तिथं असला काय आणि इथं असला काय."

तिनं याचा विचार केला होता, हे दिसत होतं. "ढोल तिथं असला तर मला न्यायला येतील," ती म्हणाली. "चढवाय चल म्हणून. हितं असला तर ढोल शोधाय येतील, आणि तुम्ही देणार न्हाईसा."

"न्यायला कोण येईल? चुलत्याच्या सहीवर मी तुला सोडत नाही. सही तुझ्या आबांची आहे."

"आबाच येतील."

"येतील का?"

तिनं बराच वेळ कंपासाचं टोक रबरात खुपसून धरलं. "आबांचं काय सांगता येत न्हाय. आबा कुणालाच न्हाय म्हणत न्हाईत."

हीच अडचण होती. उन्हाळ्यात ते मला ‘व्हय’ म्हणाले होते. दिवाळीत ते भावालाही ‘व्हय’ म्हणाले असणार. आता कोणाच्या ‘व्हय’वर विसंबायचं? मी मटाराची टोपली आक्कांकडे दिली आणि सांगितलं की उद्या मी पहिल्या बसनं जाणार, ढोल घेऊन. मुलगी उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी पाचला उठले, साडेपाचला वसतिगृहात गेले. मुलगी जिन्यात बसली होती. ढोल तिनं घोंगडीत बांधून मांडीवर घेतला होता, गाठ दुहेरी मारली होती. टिपरू माझ्या हातात दिलं. "भुईला टेकवू नका," एवढंच म्हणाली. रिक्षापर्यंत तिनंच उचलून आणला.

ढोल बराच जड असतो. स्टँडवर मी तो बाकावर ठेवून धरून उभी राहिले. बसमध्ये मांडीवर घेतला, तेव्हा मला समोरचं काहीच दिसेना. कंडक्टर आला.

"ह्येचं तिकीट फाडू काय, मावशी?"

"फाडा. अर्धं फाडा. सात वर्षांचा आहे."

तो हसला. "कुठं लग्न हाय व्हय?"

"नाही होऊ द्यायचं, म्हणून तर चाललेय."

त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं तिकीट माझं एकटीचंच दिलं. धुकं होतं. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या आणि प्रत्येक वेळी बस कडेला घ्यायला लागत होती. मी मनात चार वेगवेगळी वाक्यं जुळवली आणि चारही टाकून दिली. शेवटच्या थांब्यावर उतरेपर्यंत माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, उभं राहता येईना. ढोल खाली ठेवायचा नाही, म्हणून थांब्यावर दूध घालायला आलेल्या एका बाईच्या डोक्यावर दिला, पाय झटकले, परत घेतला. मग तासाची चाल दीड तासात केली. सड्यावर, वाटेतल्या त्या उघड्या कातळपठारावर, गव्याचे ताजे ठसे होते, पण गव्यालाही एवढ्या थंडीत माझं काही पडलेलं नसावं.

देवाच्या खोलीपुढं म्हातारा उन्हाला बसला होता. वडील शेणाचे हात धूत होते. माझी चाहूल लागून चुलता घरातून बाहेर आला. त्यानं आधी ढोलाकडे बघितलं, मग माझ्या मागं.

"पोरगी?"

"शाळेत. चाचणीचे पेपर दाखवतात आज."

म्हाताऱ्यानं ओट्यावर एक घोंगडी पसरली आणि ढोल माझ्या हातून घेऊन तिच्यावर ठेवला. कातड्यावर बोटं वाजवून बघितली. "टेकला न्हाय न्हवं कुठं?"

"नाही. माझ्या मांड्यांना विचारा."

"मग चढवा आता," चुलता म्हणाला. "उद्या पावणं हायत."

"चढवा की," मी म्हटलं. "कुणी चढवायचा?"

तो थांबला. मी एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले.

"म्हातारबा, तुज्याकडं मान हाय. चढव तूच," चुलता म्हणाला.

"उतरवला कुणी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पोरगीनं. पर पोरगीचं काय धरायचं त्यात?"

"हात पोरगीचं हुतं न्हवं?"

"मार्चच्या शेवटाला परीक्षा संपते," मी म्हटलं. "संपली की मी स्वतः तिला घेऊन येते. ती चढवेल. त्याआधी तिला इथं आणणार नाही, आणि तिचं वय काय आहे ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही आणि पोलिसांनाही. ते मी आज बोलायला आलेले नाही."

चुलता माझ्याकडे न बघता भावाकडे वळला. "दादा, तू जा. आत्ताच्या बसनं जा आणि पोरगीला घिऊन ये. चढवील आणि जाईल माघारी. एका दिसाचा तर प्रश्न हाय."

इथं सगळं होतं. वडील गेले असते तर मला त्यांच्या सहीवर मुलगी सोडावी लागली असती, आणि ती ‘एका दिवसा’नं परत आली नसती. त्यांनी हात धोतराला पुसले. भावाकडे बघितलं, ओट्यावरच्या ढोलाकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.

"म्हसरांस्नी पाणी दावायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले. तिथून चार म्हशी सोडून ओढ्याच्या वाटेला लागले. ओढा लांब आहे. त्या दिवशी परतीची एकच बस होती.

चुलता म्हाताऱ्याला काहीतरी बोलला, माझ्या शहाणपणाबद्दल होतं, आणि फोन घेऊन रेंजच्या दगडाकडे गेला. पाहुण्यांना नको म्हणून सांगायला, की दुसऱ्याच कशाला, ते मला कळायला मार्ग नव्हता. अजूनही मार्चपर्यंतचे दिवस होतेच.

म्हाताऱ्यानं देवाच्या खोलीचं दार उघडलं. ढोल उचलून आत नेला आणि कोनाड्यातल्या फळीवर घोंगडीसकट ठेवला, वर चिमूटभर भंडारा टाकला. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. सकाळचं ऊन सरळ आत पडलं होतं. रिकामी खुंटी भिंतीत दिसत होती. ती म्हाताऱ्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर होती. हात नुसता पुढं केला असता तरी पोचला असता.

आठ दिवसांपूर्वी हा माणूस स्टूल आणायला गेला होता.

तो बाहेर आला, दाराला कडी घातली. "च्या घेणार न्हवं, बाई?"

मी विचारलं नाही. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला. चुलता दगडावरून उतरून गेल्यावर मी वर चढले आणि वसतिगृहात फोन लावला. आक्कांनी उचलला. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"ढोल पोचला," मी म्हटलं. "तिला सांगा, खाली आहे. आणि भूमितीचं पुस्तक काढायला सांगा. मी चार वाजेपर्यंत येते, आल्यावर बघणार आहे."